पापणी नसलेल्यांचा उजेड

उजेड ही चांगली गोष्ट आहे, याबद्दल कोणाचे दुमत नसते. अंधाराला भ्यावे आणि दिव्याकडे धावावे, हे आपण कोणी न शिकवता शिकतो. तिन्हीसांजेला घरात दिवा लागल्याखेरीज आपल्याला चैन पडत नाही. त्यामुळे एखाद्याला उजेड देऊन आपण त्याचे अहित करू शकतो, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. आमच्याही ती आली नव्हती. ती ध्यानात आणून दिली बोटाच्या पेराएवढ्या दहा माशांनी आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन नुकत्याच घरी आलेल्या एका आजींनी.

ही हकिकत वीसेक वर्षांपूर्वीची आहे. वसई परिसरातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात मुलाच्या दहाव्या वाढदिवसानिमित्त काचेची टाकी आली होती. वडील मोठे पद्धतशीर गृहस्थ. त्यांनी महिनाभर आधी टाकीत वाळू अंथरली, पाणवनस्पती लावल्या, पाणी गाळणारे यंत्र अखंड चालू ठेवले आणि मगच मासे आणायचे ठरवले. वाढदिवसाच्या दिवशी बापलेक मुंबईला क्रॉफर्ड मार्केटमध्ये गेले आणि निऑन टेट्रा जातीचे दहा मासे घेऊन आले. दुकानदाराने ते प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीभोवती वर्तमानपत्र गुंडाळून दिले होते. विरारच्या लोकलमध्ये मुलाने ती पिशवी सगळी वाट मांडीवर जपून आणली.

संध्याकाळी घरात पाहुणे जमले होते. आम्हीही होतो. पिशवी थोडा वेळ टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली गेली आणि मग मासे टाकीत सोडले गेले. खोलीत मंद दिवा होता. तेवढ्यात वडील उत्साहाने म्हणाले, "फादर आले आहेत, टाकीची ट्यूबलाइट लावा. त्यांना मासे नीट दिसू देत." ट्यूबलाइट लागली. पाण्यात एकदम पांढरा लखलखाट झाला. मासे सैरावैरा धावले, काचेवर आपटले आणि अखेर मागच्या कोपऱ्यात यंत्राच्या नळीआड एकमेकांना चिकटून उभे राहिले. दुकानात त्यांच्या अंगावर झळकणारी निळी रेघ आणि शेपटीकडचा तांबडा रंग, दोन्ही जवळजवळ नाहीसे झाले होते. मुलगा हिरमुसून म्हणाला, "बाबा, आपण रंगीत मासे घेतले होते ना?"

कोपऱ्यातील आरामखुर्चीत काळा चष्मा लावून आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, मालव तो दिवा आधी. माझी पट्टी काढली तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा खिडक्या लावून घेतल्या होत्या. मला मिटायला डोळे तरी होते. त्या बिचाऱ्यांना पापणी आहे का?" आणि कोणी काही करण्याच्या आत त्या उठल्या, दोरीवरचा पंचा ओढला आणि त्यांनी तो टाकीवर घातला. पाहुणे हसले. आम्हीही हसलो.

सकाळी दहापैकी तीन मासे मेलेले आढळले. ते उजेडानेच मेले, असे आम्ही म्हणणार नाही. मासा मरायला पुष्कळ कारणे असतात: प्रवासाचा शीण, पाण्यातील फरक, तापमान, आधीचा एखादा रोग. त्या तिघांच्या मृत्यूत आमच्या दिव्याचा वाटा किती, हे कोणालाही सांगता येणार नाही. परंतु एक गोष्ट सांगता येते. तो दिवा माशांना नको होता. तो आमच्यासाठी लावला गेला होता. आपल्या सन्मानार्थ केलेल्या एखाद्या गोष्टीचा भार ज्याने ती मागितली नाही अशा मुक्या जीवावर पडला, ही जाणीव त्या दिवसापासून आमच्या मनातून गेली नाही. पुढे दोन वर्षांनी ते कुटुंब कामानिमित्त आखाती देशात गेले आणि ती टाकी, उरलेल्या माशांसह, आमच्या निवासस्थानी आली. तेव्हापासून या विषयाचा थोडा अभ्यास घडला. त्यातून उभा राहिलेला प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आजींचा प्रश्न घेऊ. माशांना पापणी असते का? काही शार्क मासे सोडले, तर आपण पाळतो त्या माशांना पापणी नसते. आपण अंधारातून उन्हात आलो की आपोआप डोळे किलकिले करतो, हात आडवा धरतो आणि तेवढ्यात डोळ्याची बाहुली क्षणार्धात आकसते. बहुतेक अस्थियुक्त माशांची बाहुली अशी आकसत नाही. तिचे छिद्र उजेडात आणि अंधारात जवळजवळ तेवढेच राहते. त्यांच्या डोळ्याने उजेडाशी जुळवून घेण्याची निराळीच रीत योजली आहे. दृष्टिपटलात मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी आणि प्रखर उजेडात पाहणाऱ्या शंकुपेशी असतात. उजेड वाढला की शंकुपेशी पुढे सरकतात, दंडपेशी मागे लांबतात आणि काळ्या रंगद्रव्याचे कण पसरून त्या नाजूक दंडपेशींवर जणू पडदा ओढतात. अंधार पडला की हे सर्व उलट होते. म्हणजे माशाला पापणी नाही असे नाही. ती डोळ्याच्या आत, अगदी तळाशी आहे. मात्र ती मिटायला निमिषमात्र पुरत नाही. हा सगळा बदल पुरा व्हायला साधारण अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. आपण बटण दाबतो एका क्षणात. त्या क्षणाचे उत्तर द्यायला माशाच्या देहाला तास लागतो. या दोन वेळांमधील अंतर हेच माशाचे दुःख, आणि आमच्या विवेचनाचा विषयही तोच आहे.

उजेड माशाच्या अंगात केवळ डोळ्यांवाटेच शिरतो असेही नाही. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९११ मध्ये मिनो नावाच्या छोट्या युरोपीय माशांवर प्रयोग केले. दृष्टी गेलेल्या माशांच्या डोक्यावर प्रकाश पडला की त्यांचे अंग गडद होई आणि तो भाग झाकला की फिके पडे. डोळ्यांवाचून हे मासे उजेड ओळखत होते. हेच फॉन फ्रिश पुढे मधमाशांच्या नृत्यभाषेचा उलगडा करून विख्यात झाले आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. आता आपल्याला ठाऊक आहे, की माशाच्या मेंदूच्या वरच्या बाजूस असलेली पिनियल ग्रंथी प्रकाशाला संवेदनशील असते आणि अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे द्रव्य स्रवून सर्व देहाला रात्र झाल्याची वर्दी देते. मासेही झोपतात. झेब्रामाशांवरील प्रयोगांत असे दिसले आहे, की दिवा सतत जळत राहिला तर त्यांची झोप दबून जाते. तेव्हा टाकीचा दिवा ही नुसती शोभेची वस्तू नव्हे. त्या चार काचांच्या आत सूर्य केव्हा उगवावा आणि केव्हा मावळावा, हे आपले बोट ठरवत असते.

निऑन टेट्राचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातील ओढ्यांत आहे. दोन्ही काठांवर घनदाट अरण्य, वर पानांचे छत आणि पुष्कळ ठिकाणी गळलेल्या पानांच्या अर्काने कोऱ्या चहासारखे तपकिरी झालेले पाणी. अशा पाण्यात उजेड येतो तो गाळून येतो. त्या अंधुकात आपल्या सोबत्यांना आपण दिसावे, म्हणून या इवल्या जीवाच्या अंगावर झळाळी आहे, असे मानले जाते. बाजारात मिळणारे बहुतेक निऑन आता अरण्यातून आलेले नसतात. त्यांची पैदास आशियातील मत्स्यपैदास केंद्रांत होते. परंतु पिढ्यांपिढ्यांचे अरण्य देहातून लगेच जात नाही. रात्री त्यांच्या अंगावरील निळी-हिरवी रेघ विझून जांभळट होते आणि सकाळी हळूहळू पुन्हा उजळते. त्या दिवशी मुलाला रंग दिसले नाहीत, त्याचे कारण हे होते. मासे अंधारातून आले होते आणि भ्यालेले होते. ज्या उजेडात आम्ही त्यांचे रंग पाहू इच्छीत होतो, त्याच्या घाईनेच ते रंग हिरावून घेतले होते.

मग नव्या माशाला उजेडाशी कसे परिचित करावे? यात अवघड असे काही नाही. मासे घरी आणण्याआधीच टाकीचा दिवा बंद करावा आणि खोलीतही मंद उजेड ठेवावा. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, म्हणजे आतले व बाहेरचे तापमान सारखे होते. मग टाकीतील पाणी थोडे थोडे पिशवीत मिसळावे आणि शेवटी जाळीने मासे अलगद टाकीत सोडावेत. त्या दिवशी दिवा लावू नये. लावण्याचा मोह झालाच, तर आजींचा पंचा आठवावा. दुसऱ्या दिवशी तीन-चार तास लावावा आणि आठवडाभरात आठ ते दहा तासांपर्यंत न्यावा. आता मिळणाऱ्या एलईडी दिव्यांची तीव्रता कमी-जास्त करता येते. त्यांत प्रथम अगदी मंद प्रकाश ठेवून तो रोज थोडा वाढवावा. रोजच्या रोज, सकाळी आधी खिडकीचा पडदा सारावा किंवा खोलीतील दिवा लावावा आणि अर्ध्या तासाने टाकीचा. रात्री आधी टाकीचा दिवा मालवावा, खोलीतील मागाहून. म्हणजे माशाला पहाटही मिळते आणि संध्याकाळही.

याहून महत्त्वाची गोष्ट सावलीची. टाकीत एखादी फुटक्या मडक्याची खापरी, नारळाची करवंटी, दगडांची कपार, पाण्यावर तरंगणाऱ्या चार वनस्पती असाव्यात. तळाशी पांढरी चकचकीत खडी असेल, तर उजेड खालूनही उसळतो. गडद वाळू बरी. आपल्याकडे परसात असते त्या देशी बदामाची वाळलेली स्वच्छ पाने पाण्यात टाकली, तर पाण्याला तपकिरी छटा येते आणि उजेड निवतो. जाणकार लोक हा उपाय आवर्जून करतात. गंमत अशी, की लपायला जागा मिळाली की मासे उलट जास्त वेळ उघड्यावर राहतात. माघारी जाता येईल, याची खात्री असली म्हणजे पुढे येण्याचे धैर्य येते. आमच्या टाकीत खापरी ठेवल्यावर चौथ्या दिवशी मासे समोरच्या काचेपाशी फिरू लागले.

एवढे सारे समजूनही आमच्या हातून चूक झालीच. भारनियमनाच्या त्या वर्षांतील गोष्ट. एका रात्री नऊच्या सुमारास वीज गेली. टाकीचा दिवा तेव्हा चालू होता. बटण बंद करायचे आम्ही विसरलो आणि अंधारात झोपी गेलो. मध्यरात्री केव्हातरी वीज आली. सकाळी उठून पाहतो तो दिवा लख्ख जळतो आहे, टाकीवरची काच किंचित सरकलेली आहे आणि एक मासा खाली फरशीवर वाळून पडला आहे. गाढ अंधारात एकाएकी सूर्य उगवला, तेव्हा तो दचकून उसळला असावा. या वेळी प्रवास, रोग, पाणी अशी कोणतीही सबब जवळ नव्हती. वीज घालवणाऱ्यांवर रागावण्यातही अर्थ नव्हता. बटण आमच्या भिंतीवर होते. पुढे आम्ही वेळ लावून ठेवायचे एक यंत्र आणले. पण वीज गेली की त्याचे घड्याळही थांबे आणि आमच्या माशांची पहाट कधी दुपारी, तर कधी संध्याकाळी होई. शेवटी यंत्राहून लक्ष बरे, हे आम्हांला पटले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हा दिवा कोणासाठी असतो? पाण्यातील वनस्पतींना तो हवा असतो, हे खरे. दिवसा वावरणाऱ्या माशालाही दिवस हवा असतो. पण त्याला खिडकीचा उजेड बहुधा पुरतो. बाकीचा झगमगाट पाहणाऱ्यासाठी असतो. माणूस शतकानुशतके माशांकडे तळ्याच्या किंवा कुंड्यांच्या वरून पाहत आला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजेंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे या विषयावरील पुस्तक आले आणि घरोघरी काचेची टाकी ठेवण्याची हौस पसरली. आमच्या पिढीतील पुष्कळांनी मुंबईत मरीन ड्राइव्हवरील, १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आईवडिलांचे बोट धरून पाहिले आहे. आपण काळोख्या वाटेने चालायचे आणि मासे उजेडात, अशीच अशा ठिकाणची रचना असते. नाटकगृहातही असेच असते. फरक एवढाच, की नटाने रंगमंचावर येणे स्वतः पत्करलेले असते आणि पडदा पडल्यावर तो घरी जातो. हौस हद्द सोडते, तेव्हा काय होते तेही बाजारात दिसते. ग्लासफिश नावाच्या पारदर्शक माशाच्या अंगात सुईने रंग भरून तो विकला गेला आहे. का, तर दिव्याखाली तो अधिक चमकावा.

येथे कोणी म्हणेल, "अहो, एका माशाचे एवढे काय? तो खाताना आपण हा विचार करतो का?" आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. कोळीवाड्याच्या शेजारी आयुष्य गेलेल्या आम्हांला तर तो फार जवळचा आहे. थोर विचारवंतांनीही त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आणि अठराव्या शतकात इमॅन्युएल कांट यांनी साधारण असे मांडले, की जनावरांशी निर्दयपणे वागू नये, कारण ज्याला तेथे निर्दयतेची सवय लागते तो माणसांशीही निर्दय होतो. म्हणजे कर्तव्य माणसाप्रती, प्राणी हे केवळ निमित्त. इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये प्रश्नच फिरवला. या जीवाला बुद्धी आहे का, वाचा आहे का, हे विचारू नका. त्याला यातना होतात का, ते विचारा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. माशाला यातना होतात का, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या डोक्यात इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. उलट, वेदना जाणण्यासाठी लागणारी मेंदूची रचनाच माशात नाही, असे म्हणणारेही आहेत.

आमच्या मते हा वाद मिटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आमचे कर्तव्य निराळ्या ठिकाणी उगम पावते. ओढ्यातील माशाला आमच्याकडून काही येणे नाही. ऊन चढले की तो पानाखाली जातो, खोल पाण्यात उतरतो. पापणी नसलेल्या त्या जीवाची पापणी म्हणजे तो ओढाच. आम्ही त्याला त्या पाण्यातून, किंवा त्याच्या पूर्वजांना, उचलून चार काचांत आणले आणि त्याच क्षणी ओढ्याचे काम आमच्यावर आले. ज्याने दुसऱ्याचा आसरा काढून घेतला, त्यानेच आसरा द्यायचा असतो. हे ऋण माशाच्या थोरवीवरून ठरत नाही, त्याच्या वेदनेच्या मापावरूनही ठरत नाही. बटण कोणाच्या हाती आहे, यावरून ते ठरते. जो मासा आपण जाळ्यातून काढून ताटात घेतो, त्याच्याशी आपला व्यवहार वेगळा आहे आणि त्याचाही निवाडा कधीतरी व्हायला हवा. पण ज्याला पाळायचे म्हणून घरी आणले, त्याला आपण एक वचन दिलेले असते. ते त्याला कळले नाही, म्हणून ते खोटे ठरत नाही.

हे वचन पाळायचे कसे, याबाबत आम्ही तरुणपणी गुरुविद्यालयात शिकलेले एक जुने सूत्र आम्हांला फार वर्षांनी टाकीपुढे बसून उमगले. मध्ययुगीन तत्त्वज्ञ सांगत, की जे काही घेतले जाते ते घेणाऱ्याच्या रीतीने आणि त्याच्या आवाक्याप्रमाणे घेतले जाते, देणाऱ्याच्या नव्हे. परीक्षेसाठी आम्ही ते पाठ केले होते. घागरीत समुद्र ओतला तरी घागरीएवढेच पाणी राहते, असे उदाहरण देऊन गुणही मिळवले होते. परंतु त्या उदाहरणात एक उणीव आहे. घागर भरली की जादा पाणी नुसते सांडून जाते, घागरीला काही होत नाही. माशाचे तसे नाही. त्याच्या आवाक्याबाहेरचा उजेड सांडून जात नाही. तो इजा करतो. म्हणून देणाऱ्याने किती द्यायचे एवढेच पाहून भागत नाही, किती वेळात द्यायचे हेही पाहावे लागते. दिव्याचे वॅट दुकानदार सांगू शकतो. वेळ मात्र माशालाच विचारावी लागते: तो कोपऱ्यात आहे की मोकळा फिरतो, रंग फिका की भरलेला, श्वास घाईचा की संथ, अन्न घेतो की नाही. त्याची वाचा ती एवढीच.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधील गुहेचे रूपक वाचकांपैकी पुष्कळांना परिचित असेल. जन्मभर गुहेत सावल्या पाहिलेल्या माणसाला बाहेर उन्हात आणले जाते. हे रूपक सांगताना आपण अंधार वाईट आणि सूर्य चांगला, एवढाच बोध घेतो. प्लेटो मात्र बाहेर आलेल्याच्या डोळ्यांकडे बारकाईने पाहतो. त्याचे डोळे दुखतात, दिपतात; आधी त्याला सावल्या पाहता येतात, मग पाण्यातील प्रतिबिंबे, मग वस्तू, मग रात्रीचे चंद्र-तारे आणि सर्वांत शेवटी सूर्य. पायरी चुकली, तर सत्यही नुसता लखलखाट होते. आणि गुहेत परतणाऱ्याचे डोळेही काही काळ आंधळे असतात, हेही तो विसरत नाही. सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्याला शंकुपेशी आणि दंडपेशी ठाऊक नव्हत्या. पण डोळ्याला वेळ लागतो, हे त्याला ठाऊक होते.

मात्र या विचारात एक खाचही आहे आणि तिच्याविषयी सावध करणे आमचे कर्तव्य आहे. 'हळू घ्या' याचा अर्थ 'कधीच देऊ नका' असा नाही. पंचा टाकीवर कायमचा घातला, तर दिवसा वावरणारा मासा अन्न शोधू शकत नाही, वनस्पती कुजतात, दिवसरात्रीची लय मोडते. आजींनी पंचा दुसऱ्या दिवशी स्वतःच काढला होता. ज्याला अप्रिय काम टाळायचे असते, तो 'अजून वेळ आली नाही' या वाक्याआड सुखाने आयुष्य काढतो. हळूपणा खरा की खोटा, याची कसोटी सोपी आहे: उजेड रोज थोडा तरी वाढतो आहे का? वाढत असेल, तर ते धैर्य. नसेल, तर तो नुसता आळस किंवा भित्रेपणा.

माणसांच्या बाबतीत हा विचार करताना आम्हांला दहावीत नापास झालेला एक मुलगा आठवतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला होता. आम्ही दहा मिनिटांत त्याला त्याच्या साऱ्या चुका दाखवल्या: टवाळ सोबत, वाया घालवलेले वर्ष, आईचे कष्ट. त्यात एकही वाक्य खोटे नव्हते. महिनाभरात, थोडे थोडे करून, ते सारे सांगता आले असते आणि त्याने ते ऐकलेही असते. त्या दिवशी त्याला खापरीएवढी सावली हवी होती. तो मान खाली घालून उठला आणि पुन्हा आला नाही. माशाला पापणी नाही, म्हणून तो काचेवर आपटतो. माणसाला आहे, म्हणून तो ती मिटून घेतो. दोन्ही वेळा दिवा लावणाऱ्याला वाटत राहते, की आपण उजेडच तर दिला!

त्या आजी आता हयात नाहीत. टाकी अजून आमच्याकडे आहे. मासे अर्थातच दुसरे आहेत. गेल्या महिन्यात सहा नवे निऑन आणले, तेव्हा शाळकरी मुलांचा घोळका त्यांना पाहायला आला होता. मासे अंधारात होते आणि मुलांना काहीच दिसत नव्हते. "फादर, दिवा लावा ना!" असा आग्रह झाला. आम्ही त्यांना उद्या, आणि मग रोज थोडा वेळ यायला सांगितले. पहिल्या दिवशी त्यांना हालत्या सावल्या दिसल्या. तिसऱ्या दिवशी एका मुलीला खापरीच्या तोंडाशी निळी रेघ दिसली. सातव्या दिवशी सहाही मासे पुढे आले आणि मुले बराच वेळ न बोलता पाहत उभी राहिली.

रोज सकाळी आम्ही आधी खिडकी उघडतो. टाकीचा दिवा अर्ध्या तासाने लावतो.